काळी खाच

आमच्या गावाच्या नावाचा अर्थ होडी.
वूच. पण नदी दाखव म्हणालात तर पंचाईत,
गिरणीवाल्यांनी ती केव्हाच नळीत घालून
रस्त्याखाली ढकलली.
लोखंडी झाकणाला कान लावला की ऐकू येते,
आई सांगायची. मी कधी लावला नाही.

फेब्रुवारीत तिसऱ्या यंत्राचा कॉम्प्युटर गेला.
मदरबोर्डावर चार कपॅसिटर, टम्म फुगलेले.
कार्ड मात्र ठणठणीत:
दीड वीत लांब, हिरवं, कडेला सोनेरी दातांची रांग,
पाठीवर पेन्सिलीनं — ऑगस्ट १९९३, झेनोबिउश.
चारशे सुयांपैकी कुणी कधी डोकं वर काढायचं
हे फक्त त्याला ठाऊक.
त्याच्या हुकमावर विणले जातात
सुजऱ्या पायांचे घट्ट मोजे,
घोट्याशी आवळ, पोटरीशी सैल.
झेनोबिउश वारला. त्याची वही
मेहुण्याच्या तळघरात ओली होऊन लगदा झाली.

"नवं यंत्रच घेऊ," ओल्गिएर्द म्हणाले,
मग किंमत बघून चष्मा पुसत बसले.

म्हणून मी स्थळं बघत सुटले.
एक बोर्ड देखणा, झगमगता, बोटभर पंखे,
खाचा सगळ्या आखूड, आजच्या.
दुसऱ्याला पांढरी खाच होती, एकच, कोपऱ्यात,
घरात ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या खुर्चीसारखी.
आम्हाला पांढरीही चालत नाही.
आम्हाला काळी हवी, दोन तुकड्यांची, लांब,
जी यांनी मी पंचविशीत असताना बनवायची सोडली.

तिसऱ्यावर काळी होती! पैसे भरले.
कार्ड बसलं, अगदी खट् करून बसलं,
निकोदेमनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.
सुया हलल्या नाहीत.
दोन रात्री मी तार तपासली, वीज तपासली, स्वतःला तपासलं.
खाच होती, हो.
पण मागे कुणी ऐकायलाच नव्हतं.
दार लावलेली भिंत.

मग तैवानहून, सानचोंगमधून, उत्तर आलं.
श्ये पेई-चुन नावाची बाई. बोर्ड तीच विकते.
किंमत लिहिली नव्हती. आधी विचारलं होतं:
तुमचं कार्ड कितव्या इंटरप्टवर हाक मारतं?
प्रोसेसरला न उठवता स्वतः मेमरीत लिहितं का?
त्याला किती व्होल्ट लागतात, उणे बाराही?

पत्र मी तीनदा वाचलं.
आजवर सगळ्यांनी माझं बजेट विचारलं होतं.

तिनंच समजावलं:
जुनी वाट बुजवलेली नाही, बाई.
नव्या चिपच्या पोटातून ती अजून वाहते,
अरुंद, नाव बदलून, कुणी बघत नाही तिथून.
आम्ही वर एक दुभाष्या बसवतो, नखाएवढा.
तो तुमच्या कार्डाचं बोलणं उलथून सांगतो,
थोडा उशिरा सांगतो, पण गाळत नाही काही.

त्या संध्याकाळी घरी जाताना
मी एका झाकणापाशी थांबले.
ट्राम गेली. दुसरी गेली.
गुडघे दुखतात म्हणून वाकले नाही.

बोर्ड एप्रिलात आला. सुया उठल्या,
आधी सात, मग सगळ्या, पाखरं उडावीत तशा नाही,
वर्गात मास्तर आल्यावर पोरं उठतात तशा,
थोड्या मागेपुढे.
पहिल्या मोज्याची टाच वाकडी. दुसरा नीट.

ओल्गिएर्दना सांगून आणखी दोन बोर्ड मागवले.
आता कपाटात दोन कोरी घरं, एक राहतं.
बिऱ्हाड एकच.
त्या हिरव्या कार्डाला जोडीदार जगात कुठे आहे
ते पेई-चुनलाही माहीत नाही, मी विचारलं.

निकोदेमला मी रोज थोडं शिकवते.
कालच त्यानं विचारलं, ही पेन्सिल कुणाची?
मी नाव सांगितलं.
त्यानं बोट फिरवलं,
पुसू नकोस, म्हणाले मी,
आणि तो म्हणाला, पुसत नव्हतो.