तिरप्या रेषा

ऐंशीच्या आसपास ट्रेसिंग पेपरवर सेक्टर आखताना
मध्ये सारसोळे आलं.
वळसा घालून रेघ नेली,
आत तिरप्या रेषा मारल्या,
लिहिलं : गावठाण.
अक्षर माझं वळणदार. साहेबांनी कौतुक केलं.

आज त्याच गावात, समाजमंदिरात,
सतरंजीवर तेवढाच मोठा कागद.
उडू नये म्हणून कोपऱ्यांवर कळशी, वरवंटा,
जाळ्याची शिशाची वजनं.
अठरा बायका, काही पोरं, आणि मी.
कल्पेश तांडेल म्हणालेला, काका, तुम्ही या,
तुम्हाला स्केल कळतं.

स्केल कुणी विचारलंच नाही.
चांगुणाबाय म्हणाली, आधी वारा काढ.
वारा?
"मंग? जवला कुठं सुकवाचा त्यो वाराच सांगतो."
कल्पेशनं बाण काढला.
तिनं त्याचं मनगट धरून तो बोटभर वळवला.

मग खाडी. भरतीची रेघ, ओहोटीची रेघ,
"न उधानाची," हासूराम खोकत म्हणाले,
"ती आमचे ओट्याव."
माझ्या नकाशात पाण्याला एकच काठ होता.

तिवरातली वाट दिवसातून दोनदा बुडते,
ती दाखवायची कशी यावर भांडण झालं.
पोरांनी शेवटी ठिपके दिले.
फोन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहून आली,
फोन म्हणे, आठ मीटर इकडंतिकडं.
"आठ मीटरात," कुणीतरी म्हणालं, "आमची तीन घरं."
सगळे हसले. मीही. जरा उशिरा.

फुलाबाय एका जागी बोट ठेवून थांबली.
आता तिथं पार्किंग.
"हितं मिठागर. माजा बापूस."
एवढंच.
काय लिहावं कुणाला सुचेना.
एक पोरगी उठून घरी गेली,
चिमूटभर खडेमीठ घेऊन आली.
कागदावर ते चिकटेना. तसंच ठेवलं.

नावं लिहायला पेन माझ्याकडे आलं.
आळीची, विहिरीची, होड्या लावायच्या जागेची,
जिथं निवट्या मिळतात त्या चिखलाची.
हात भरून आला तरी नावं संपेनात,
तिरप्या रेषांना जागाच उरली नाही.

चहा आला. मी कप
कागदाच्या रिकाम्या कडेला टेकवणार,
तोच चांगुणाबाय ओरडली,
"तिथं नको ठेवू रं,
तिथं पानी येतं."