एकशे चाळीस

सोमवार ठरला.
उद्यमनगर बंद, लेथ थंड,
आणि सोमवारी तिकीट तीनशेनं स्वस्त.
वैजयंतानं गॅसच्या पावतीमागं लिहून काढलं:
पहाटे चारला निघायचं, बाबासो मगदूमची गाडी,
डिझेल निम्मं निम्मं,
किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर —
टोलनाक्यांची नावं ती देवळांसारखी म्हणते,
प्रत्येकापुढं आकडा.

साताऱ्यात चहा. खंबाटकीत कुणी ओकलं तर
लिंबू पुढच्या कप्प्यात.
दहाला गेट उघडतं, साडेदहाला आपण आत,
आधी लांबचे पाळणे, मग जवळचे,
म्हणजे गर्दी आपल्या उलटी फिरंल —
हे बाबासोचं डोकं. तो तिकडं कधी गेलेला नाही,
पण त्र्यंबोलीच्या जत्रेत त्याचं हे गणित
आजवर चुकलेलं नाही.

बाहेरचं खाणं आत चालत नाही.
यावर दोन दिवस गेले.
शेजारच्या शमशादभाभी म्हणाल्या, भडंग काय खाणं आहे का,
ते तर तोंड चाळवायला.
पिशवीत वर ओले टॉवेल, त्याखाली धपाटे,
त्याखाली परत टॉवेल,
असा एक नकाशा तयार झाला.
आतला वडापाव केवढ्याला, ते कुणीतरी सांगितलं
तेव्हा घर गप्प झालं,
कुणी वारल्यावर होतं तसं, थोडा वेळ.

स्वरांजलीला खाण्याचं काही नव्हतं.
तिला एकच पाळणा हवा होता,
जो उलटा होतो, आणि उलटा असतानाच थांबतो.
मोबाईलवर तिनं तो इतक्यांदा बघितला
की कुठल्या वळणावर किंकाळ्या येतात ते तिला पाठ.
खाली बारीक अक्षरांत होतं:
उंची किमान एकशे चाळीस.

रात्री तिला दाराच्या चौकटीला उभी केली.
टाचा टेकव. हनुवटी सरळ. श्वास सोड.
डोक्यावर गुण्या ठेवला, कारखान्यातला,
पेन्सिलीनं रेघ मारली, टेप लावला.
एकशे अडतीस पूर्णांक सहा.

परत, ती म्हणाली.
परत मापलं.
केस सोडून. केस वर बांधून.
"पप्पा, तुमचा टेप जुना झालाय."

चौदा मिलिमीटर.
चौदा मिलिमीटर मी कुठूनही काढून देईन.
रबरी शीट पडलंय, बुटात तळाला घातलं की झालं,
गेटवरचा पोरगा काय
व्हर्निअर घेऊन बसलाय?
बाबासो म्हणाला, घाल की लेका.
वैजयंता काहीच बोलली नाही,
पावतीवरचा लिंबू तिनं दोन लिंबू केला.

पण सव्वीस वर्षं मी हेच करतो.
दोन शतांश कमी भरला
की जॉब लाल पेटीत.
चकाकतो, देखणा असतो,
हातात घेऊन बघाल तर काही कळायचं नाही.
मशीन फिरायला लागल्यावर कळतं.
आणि तो खांद्यावरून खाली येणारा लोखंडी पट्टा,
तोही कुठंतरी कुणीतरी
एकशे चाळीसच्या हिशेबानंच वाकवला असंल.
माझ्यासारख्यानं. आठवड्याची एक सुट्टी असलेल्यानं.

रबर मी कापलं. खोटं कशाला बोलू.
कापलं, तळव्याच्या आकाराचं केलं,
कडा घासल्या,
आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पावती आता फ्रीजवर आहे, मॅग्नेटखाली.
तारखेवर काट मारलीय,
बाकी सगळं तसंच: चार वाजता, टॉवेल, दोन लिंबू.
बाबासो भेटला की विचारतो, कधी रे?
दर सोमवारी दूध पिऊन झालं की
ती आपणहून चौकटीला जाऊन उभी राहते.
मी गुण्या आणतो.
परवा तिनं टाचा उचलल्या, जराशाच,
आणि माझ्याकडं न बघता
परत टेकवल्या.