रुतू नये म्हणून

सारसोळ्याच्या खाडीत
बाबूसने चालायला शिकवलं:
पाय टेकला का उचल,
थांबलीस का रुतलीस.
आणि पोटाशी अंडी धरलेली चिंबोरी
हाताला लागली, तर सोडायची.
घरी नुसता मीठभात असला तरी.

त्याच खाजणावर भराव पडला.
आता तिथं माझं ऑफिस, नववा मजला, एसी.
साहेब म्हणतात, दमयंतीबाई,
एका सहीनं कुणाचं काय बुडतंय?
मी फाईल तशीच परत पाठवते.
बढती यंदाही गेली,
जाऊ दे.

लिफ्टमध्ये नवीन पोरगी विचारते,
मॅडम, उभ्या उभ्या
पाय कसले हलवता सारखे?
गुडघे दुखतात?

नाही गं.
खाली चिखल आहे अजून.