चौकोनी लाट

हॅलिफॅक्सच्या लायब्ररीत दर गुरुवारी, रेडिएटरला खेटून,
ॲक्रॉइडबाई बसतात. वय एकोणऐंशी.
टेलिफोन एक्स्चेंजात उभा जन्म गेला त्यांचा.
पहिल्या दिवशी माझ्यापुढे नऊ व्होल्टची बॅटरी ठेवली
आणि भिंतीतल्या सॉकेटकडे बोट करून म्हणाल्या,
'त्याच्याशी आपली ओळख नाही.
वाटेत भेटला तरी बोलायचं नाही.'

आज घरी, एकटीच.
पोह्यांची ताटली बाजूला सारून ब्रेडबोर्ड मांडला.
पाचशे पंचावन्न नावाची चिप,
आठ पायांची, आढ्यावरून पडलेल्या कोळ्यासारखी.
रेझिस्टरचे पट्टे: निळा, राखाडी, नारिंगी.
अडुसष्ट हजार.
चष्मा पुसून पुन्हा अडुसष्ट हजार.
कपॅसिटरच्या अंगावरची रेघ ती वजा बाजू;
उलटा बसवला तर फुगतो, मानपान चुकलेल्या जावयासारखा.
बॅटरी सगळ्यात शेवटी.

लावली. काहीच नाही.
चिपवर बोट टेकवलं तर चटका. खाच उजवीकडे होती!
आधी बॅटरी काढायची, मग विचार करायचा,
हे माझ्याआधी बोटांनाच आठवलं.
पाकिटात दुसरी चिप निघाली.
बाईंनी दोन दिल्या होत्या, काही न बोलता.

खाच डावीकडे.
तांबडा दिवा लागला. विझला. लागला.
ना चढ, ना उतार.
हो. नाही. हो. नाही.

निनाद तीन वर्षं विचारतोय,
आई, मिल्टन कीन्सला येतेस का कायमची?
मी म्हणते, बघू.
या लाटेत बघू नाही.

मग आकृती पुन्हा वाचली.
चिपच्या आड तो कपॅसिटर
सावकाश भरत असतो दोन तृतीयांशापर्यंत,
सावकाश ओसरतो एक तृतीयांशापर्यंत.
काठोकाठ कधी नाही, तळ कधी दिसू देत नाही.
त्याचं सगळं आयुष्य बघू, बघू,
आणि त्याच्या जिवावर
बाहेर हे खणखणीत हो, नाही.

बॅटरी काढली.
त्याच्या जागी मसुरीएवढा कपॅसिटर,
दिव्याच्या जागी पिझोची चकती.
बॅटरी लावली, आणि किंचाळली की हो ती!
भिंतीपलीकडून डेरेकची थाप. रात्रपाळी करून झोपलेला बिचारा.
बॅटरी काढली.

त्या शांततेत फोन वाजला. निनादच असणार.
पोहे गार झाले होते.
ते आधी खाल्ले.