काहील

सोहारला रिफायनरीत मी पाइप जोडतो.
माझ्या जोडाचा एक्सरे काढतात,
केसाएवढी चीर दिसली तरी घासून पुन्हा करायला लावतात.
बारा वर्षांत दोनदाच लावलं.

हे आधी सांगतो, कारण पुढं लाज आहे.

व्हिलाच्या मागच्या अंगणात चार खजुरी.
ऑगस्टात फळ गळतं, कुणी उचलत नाही,
बकऱ्या येतात, गांधीलमाश्या येतात,
आणि आम्ही सहाजण चिकट चपलांनी
वाळलेले कपडे काढायला जातो.
बाबासो म्हणाला, कागलात असतो तर
एवढ्या गोडाचं काहीतरी केलं असतं.
काय केलं असतंस?
काकवी.

डक्टचा पत्रा फुकट होता, पण त्याला जस्त.
उकळत्या रसात जस्त सुटतं, पोटात जातं.
म्हणून बंद पडलेल्या केरळी हॉटेलातलं
स्टीलचं टेबल आणलं, सात रियालला,
वर कुणाच्या तरी सुरीचे चरे तसेच.
त्याची काहील केली. गोल नाही,
पत्रा वळवायला रोलर कुठला?
चौकोनी. तीन फूट बाय दीड,
आत दोन आडव्या पट्ट्या, रसानं नागमोडी फिरावं म्हणून,
टोकाला जुन्या कूलरचा फ्लोट.
चुलवाण म्हणजे उभं चिरलेलं पिंप,
जळण झावळ्यांचं.
झारा नव्हता. पंख्याची जाळी काठीला बांधली.
गाळायला बाबासोचा पंचा, दोनदा धुतलेला.
आमच्या गुऱ्हाळात मळी वर यावी म्हणून
रानभेंडीची खोडं ठेचून टाकत.
मी बाजारातनं अर्धा किलो भेंडी आणली.
भाजीवाला म्हणाला, आज पाहुणे वाटतं?

रात्री अकराला पेटवलं. तरी अंगाखांद्यावरनं पाणी.
रस तापला, वाफ विजेच्या तारांपर्यंत गेली,
आणि डाव्या कोपऱ्यातून
एक थेंब.
मी बघत राहिलो.
मग दुसरा. धार नाही, थेंबच,
निखाऱ्यावर चर्र, चर्र,
आणि जळक्या साखरेचा वास साऱ्या गल्लीला.
सहाजणांत एकानंही एक्सरे हा शब्द काढला नाही,
म्हणजे सगळ्यांच्या तोंडात तोच होता.

वासानं भिंतीपलीकडचा खलफान आला,
टोपी सारखी करत.
पिंपाकडं बघितलं, जाळीकडं, भेंडीकडं.
हसला नाही.
वर, जिथं त्या वेळी सूर्य नव्हता, तिथं बोट दाखवलं
आणि मोडक्या हिंदीत विचारलं, आग कशाला?
त्याच्या बापाकडं एक खोली होती,
जमिनीत पन्हळी, वर खजुराची पोती पुरुषभर,
दार बंद.
बस्स. पोतं पोत्याला दाबतं.
बाकीचं उन्हाळा करतो.

काहील मागच्या पत्र्याच्या खोलीत नेली,
जिथं सहा एसींची यंत्रं दिवसभर भट्टी फुंकतात.
वर फळ्या, फळ्यांवर गोणी,
गोणींवर ऑक्सिजनची दोन रिकामी नळकांडी.
पाझरणारा कोपरा उताराला ठेवला.
त्याखाली लोणच्याची बरणी.

पाच दिवस काही नाही.
मी ड्यूटीच्या बुटांनिशीच जाऊन वाकून यायचो.
सहाव्या दिवशी कोपऱ्यावर
काळा, जाड, पडू की नको करणारा
एक मणी.
बोटावर घेतला नाही. पडू दिला.

कोपरा अजून तसाच आहे.
डाग द्यायला पाच मिनिटं लागतील,
मशीन तिथंच भिंतीला टेकून असतं.

बाबासो भाकरी भाजतो, बरणी उघडतो,
चमचा चाटतो, जरा थांबतो,
म्हणतो, काकवी नव्हं ही.
आणि पुन्हा चमचा बुडवतो.