डावा कान

कुडचड्यात, बेकरीच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी बसते मी.
दोन खुर्च्या, टेबलफॅन, तांब्याभर पाणी,
आणि तीननंतर जिना चढून येणारा पावाचा वास,
ज्याच्यापुढे माझ्या पदवीचं काही चालत नाही.

सहाव्या वर्षी गालगुंडात डावा कान गेला.
तेव्हापासून कुणी बोललं की मी
मान वळवते, उजवा कान पुढे करते, वाकते.
कॉलेजात हसायचे.
इथे लोकांना वाटतं,
बाई जिवाचा कान करून ऐकते.

इनास रेबेलो सात गुरुवार
माझ्या डाव्या अंगाला बसून खिडकीशी बोलला.
तारवटी. अठरा वर्षं बोटीवर स्वयंपाकी.
आता घरी; आणि घर हलत नाही म्हणून झोप नाही.
एवढंच कळलं होतं मला.
बाकी अर्धं ऐकलंच नव्हतं,
लाजेने मान डोलावली होती.

आठव्या गुरुवारी म्हटलं,
या बाजूला याल? त्या कानाने ऐकू येत नाही मला.
त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.
खुर्ची ओढली नाही, उचलली,
तेलाने भरलेली कढई उचलावी तशी,
आणि उजवीकडे ठेवून म्हणाला,
"म्हजोय एक कान गेलो गो बाय. इंजिनाकडेन न्हिदून."

मग आम्ही दोघं
एकमेकांना 'काय?' विचारत बसायचो.
'काय?' म्हटल्यावर
माणूस तेच पुन्हा सांगत नाही.
दुसऱ्या खेपेला थोडं जास्त खरं सांगतो.

हे इथेच संपलं असतं तर बरं होतं.

सुकांती रिवणहून यायची.
आवाज असा, की वाक्य संपायच्या आत विझायचा.
मी वाकले. आणखी वाकले.
तिची बोटं खुर्चीच्या कडेखाली गेली,
पांढरी होईपर्यंत आवळली.
दिसत होतं मला.
पण ऐकू येत नव्हतं, म्हणून वाकतच राहिले.
तिसऱ्या गुरुवारी ती आली नाही.
बसस्टँडवर तिची बहीण भेटली:
"बाई बरी आहे म्हणते. पण अंगावर येते."

शिकवताना सांगितलं होतं, आरसा व्हा.
आरशाला कान नसतात,
हे कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं.

आता येणाऱ्याला आधीच सांगते,
डाव्या बाजूने मी बहिरी आहे.
खुर्ची तुमची तुम्हीच ठेवा, हवी तिथे.
कुणी उजवीकडे ठेवतं, कुणी दाराशी.
एकाने मुद्दाम डावीकडे ठेवली
आणि तासभर बोलला. जाताना हलका दिसला.
मी विचारलं नाही काय बोललात.

मडगावहून यंत्र आणलंय. खणात आहे.
ते लावलं तर वाकणं सुटेल का,
आणि सुटलं तर इनाससमोर
कोण बसलेलं असेल, ठाऊक नाही.

साडेचारची वेळ अजून सुकांतीच्या नावावर आहे.
तेव्हा माझी खुर्ची मी दीड हात मागे घेते.

खालून बेकरीतला पोरगा काहीतरी ओरडतो,
पावाचंच असणार.
मी म्हणते, काय?