अशी चावी नाही

रात्रीचा दीड. मानेवाड्यातली गच्चीखालची खोली,
कूलरचं पाणी संपत आलंय, गवताला कोरडा वास,
आणि स्क्रीनवर चार शेंगा (पॉड म्हणजे शेंगच ना),
चारही पेंडिंग.
मेच्या सेहेचाळीस डिग्रीत
काहीही पिकतं असं नाही.

बाबा दारात. बनियन, हातात बादली.
"काय करून राहिली वं इतक्या रातीची?"
धंतोलीच्या हटवार डॉक्टरांचे एक्स-रे, म्हटलं,
ठेवायची जागा लावतेय.
ते बसले. एकतीस वर्षं मेडिकलच्या रेकॉर्ड रूममध्ये
खाकी पाकिटं लावलेला माणूस
जागा म्हटलं की बसतोच.

"कपाटं किती?"
कपाटं नाहीत. फोल्डरसुद्धा नाहीत, बाबा.
नुसतं सपाट मैदान, कस्तुरचंद पार्कासारखं,
आणि प्रत्येक पाकिटाला त्याचं पूर्ण नाव.
त्या नावालाच यांच्यात चावी म्हणतात.
"आमचं तसंच होतं," म्हणाले,
"वॉर्डानं लावलं का गोंधळ. नंबरानं लावा."

"अन् उंदीर?"
हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता.
एका फिल्मचे तुकडे चार डिस्कवर,
असे की दोन कुरतडल्या
तरी उरलेल्या दोनांतून अख्खी फासळी उभी राहते.
ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

दोन वाजून दहा. सापडलं.
स्टोरेज क्लासचं नाव मी जुन्या क्लाउडचं लिहिलेलं;
नव्या घरी राहायला येऊन
मागच्या घरमालकाला हाका मारत होते.
एक ओळ बदलली. डिस्क आल्या, मुंबईहून की कुठून.
"दिसत नाहीत त्या?"
नाही. भाडं तेवढं दिसतं.
एक शेंग रनिंग. दोन. तिसरी रखडली, मग तीही, मग चौथी.
पासवर्ड अजून खोक्यातून आलेला तोच होता,
तो गुपचूप बदलला.
बाबांची किल्ली चौकटीमागच्या खिळ्याला असायची
आणि ते सगळ्या मेडिकलला ठाऊक होतं.

मग मुद्दाम एक पॉड मारला.
"अवं, काहून मारलं?"
बघा ना.
चाळीस सेकंदांत त्याच नावाचा दुसरा आला
आणि थेट आपल्याच डिस्कपाशी जाऊन बसला,
बदलीवरच्या शिपायाला
पहिल्याच दिवशी आपलं स्टूल सापडावं तसा.

बकेट बनवते आता, म्हटलं.
त्यांनी हातातल्या बादलीकडे पाहिलं.
पहिला एक्स-रे चढवला: कुणाचं तरी मनगट.

तेव्हा म्हणाले, "एक नंबर पाहून सांग.
चव्वेचाळीसशे सतरा. सत्त्याण्णव सालचा."
आत फक्त एक मनगट आहे, हे त्यांनाही कळत होतं.
तरी मी टाइप केलं.

अशी चावी नाही.

सहा मिलिसेकंद. ना घाम, ना खाली मान.

"लाखांदूरची बाई होती," बाबा म्हणाले,
"लेकाची फिल्म मागे. मी रोज म्हणो, उद्या या.
नाही म्हणायले मले आठ दिवस लागले."

बादली उचलून ते बाहेर गेले.
कूलरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज,
मग ओल्या गवताचा वास खोलीभर.
बाहेरच्या पत्त्यापुढे
अजून पेंडिंग.